मारवाडचे घर आणि विंचवाची वाट

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखातील ती पहाट मला आजही विसरता येत नाही. धाकट्या नातवाच्या झडुल्यासाठी आम्ही सारे कुटुंबीय मारवाडातील वडिलोपार्जित घरी गेलो होतो. ओसियां येथे सच्चियाय मातेच्या चरणी त्याचे जावळ अर्पण करून आदल्या संध्याकाळीच परतलो होतो. ओसियांहून फलोदीच्या दिशेने तासाभर गेले की वाळूच्या धोऱ्यांच्या आडोशाला आमचे गाव लागते. रात्री उकाड्यामुळे सर्वजण गच्चीवर झोपलो. पहाटे हवा एकदम गार झाली, म्हणून सात वर्षांचा थोरला नातू गोदडी आणावयास खाली ओऱ्यात गेला आणि क्षणात त्याची किंकाळी ऐकू आली. गोदड्यांच्या चळतीत त्याने हात घातला होता आणि त्याच्या बोटाला विंचवाने दंश केला होता.

मी धावत खाली गेलो. पिवळसर, वाळूच्याच रंगाचा तो विंचू नांगी उभारून भिंतीकडे सरकत होता. घराची देखरेख करणारा गडी माझ्या मागेच उभा होता. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, ‘मार त्याला!’ त्याने हातातील जोडा खाली आणला.

नातू वाचला. पण पुढे कितीतरी दिवस प्रतिक्रमणास बसलो की माझेच ते दोन शब्द माझ्या कानांत घुमत. पस्तीस वर्षे बँकेत मी इतरांच्या जोखमीचे मोजमाप केले. स्वतःच्या घराची जोखीम मात्र मला त्या पहाटेपर्यंत दिसली नव्हती. मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर, जालना येथे स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांची मारवाडात अशी बंद घरे आहेत. वर्षातून एकदा, लग्नकार्य, जात-झडुला किंवा उन्हाळी सुटी यानिमित्ताने ती उघडतात. अशा कुटुंबांना उपयोगी पडावे, म्हणून हा अनुभव आणि त्यातून शिकलेल्या गोष्टी येथे मांडीत आहे.

अकरा महिने घर कोणाचे?

इस्पितळातून परतल्यावर सूनबाईंनी शांतपणे सांगितले, ‘पप्पाजी, मुलांना पुन्हा येथे आणावयाचे नाही.’ धाकट्या भावाचे म्हणणे त्याहून पुढचे होते: घर विकून टाकावे. त्यांना दोष देण्यासारखे काहीच नव्हते. शेजारच्या घरात राहणाऱ्या आमच्या काकीसा मात्र ऐंशी वर्षे त्याच वाळूत काढलेल्या. त्या म्हणाल्या, ‘अकरा महिने घर बंद ठेवता. मग ते त्याचेच होते. तुम्ही एक महिना येता आणि त्याच्या अंथरुणात हात घालता.’

काकीसांच्या या बोलण्यात किती तथ्य आहे, ते विंचवाविषयी वाचू लागल्यावर कळले. विंचू हा कीटक नाही. आठ पायांचा हा जीव कोळ्याच्या कुळातील आहे. थरच्या वाळवंटात उन्हाळ्यात जमीन अक्षरशः भाजते. १९ मे २०१६ रोजी आमच्या जवळच्या फलोदीत ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा उन्हात विंचू दिवसभर बिळात, दगडाखाली, लाकडाच्या सालीखाली किंवा भिंतीच्या भेगेत निपचित पडून राहतो आणि रात्री भक्ष्याच्या शोधात निघतो. त्याला डोळ्यांच्या अनेक जोड्या असूनही दृष्टी मंदच असते. त्याचा खरा आधार म्हणजे अंगावरील सूक्ष्म केस आणि पायांना जाणवणारी जमिनीतील कंपने. खाणे मिळाले नाही तरी तो महिनोन्महिने जगू शकतो. म्हणजे घराला कुलूप लावून आपण त्याची काहीच गैरसोय करीत नाही. अंधार, शांतता आणि गारवा ही त्याची आवड आपणच पुरवीत असतो.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकलो. मादी अंडी घालीत नाही. ती जिवंत पिलांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ही पांढरी, दुबळी पिले आईच्या पाठीवरच बसून असतात. आपल्या जीवविचार प्रकरणात चतुरिंद्रिय जीवांची गणना करताना विंचवाचे नाव आरंभीच येते, हे पाठशाळेत शिकलो होतो. पण शिकणे आणि पाहणे यांत अंतर असते.

निळ्या उजेडात घराची तपासणी

पुढच्या चैत्रात मी एकटाच तीन आठवड्यांसाठी गावी गेलो. कर्ज देण्यापूर्वी जागेची पाहणी करावी, ही जुनी सवय. विंचू येतो कोठून, थांबतो कोठे, हे कळल्यावाचून एक रुपयाही खर्च करावयाचा नाही, असे ठरविले होते.

या कामी एक साधे साधन फार उपयोगी पडले. विंचवाच्या कवचात असे काही पदार्थ असतात की त्यावर अतिनील प्रकाश पडला असता ते हिरवट-निळे चमकते. नुकतीच कात टाकलेला विंचू तेवढा चमकत नाही, बाकी सारे अंधारात दुरूनही स्पष्ट दिसतात. नोटा तपासावयास अतिनील दिवे वापरतात, ते आपल्या दुकानदार वाचकांना परिचित असतीलच. त्याच तत्त्वावरची हातबॅटरी काही शे रुपयांत मिळते. तिचा झोत डोळ्यांवर मात्र पडू देऊ नये.

पायांत बूट, हातांत बॅटरी आणि खिशात वही घेऊन मी रोज रात्री साडेआठनंतर घराभोवती फेरी घालू लागलो. पहिल्याच रात्री अकरा विंचू मोजले. घराच्या आत त्यांपैकी एकच होता. सहा पश्चिमेच्या भिंतीला टेकून रचलेल्या गोवऱ्या आणि बाजरीच्या कडब्याजवळ, दोन पडक्या दगडी कुंपणावर, एक परिंड्याखाली म्हणजे माठांच्या ओट्याखाली आणि एक पोळीतील दिव्याच्या खांबाशी. आठवडाभर नोंदी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. विंचू आपल्यावर चाल करून येत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: दडावयास फट, खावयास किडे आणि थोडा ओलावा. आमच्या घरात या तिन्ही गोष्टी आम्हीच जमवून ठेवल्या होत्या.

घराबाहेरची कामे

पहिले काम ढिगारे हलविण्याचे. गोवऱ्या, जळण, कडबा, उरलेले दगड-विटा, जुने दरवाजे, पत्रे हे सारे घराच्या भिंतीपासून निदान पंधरा फूट दूर नेले. जळण आणि गोवऱ्या जमिनीवर न ठेवता दगडी खांबांवरच्या पट्टीवर, जमिनीपासून दीड फूट उंच रचल्या. हे काम सकाळच्या गारव्यात, बूट आणि जाड हातमोजे घालून करावे. एकेक वस्तू लांब काठीने आधी हलवून, मग उचलावी. घाईने ढीग ओढला तर आपल्यालाही धोका आणि आत दडलेले जीवही चिरडतात. याच कारणाने मी हे काम चातुर्मासात काढले नाही. पावसाच्या दिवसांत बिळांत पाणी शिरून विंचू आधीच सैरावैरा झालेले असतात आणि जमिनीत इतर जीवांचीही उत्पत्ती फार असते.

दुसरे काम घराभोवती मोकळा पट्टा ठेवण्याचे. भिंतीला लागून तीन फूट रुंदीची जागा साफ करून तेथे सिमेंटची गुळगुळीत कड केली. दडावयास काही नसलेली मोकळी जागा विंचू शक्यतो टाळतो, आणि ओलांडू लागलाच तर बॅटरीच्या उजेडात सहज दिसतो.

तिसरे काम दिव्याचे. पोळीवर आम्ही मोठ्या हौसेने लखलखीत पांढरा दिवा लावला होता. रात्री त्याभोवती पतंग आणि किडे गोळा होत, आणि किड्यांमागोमाग विंचू. आता दारावर मंद पिवळा दिवा आहे, तोही गरजेपुरता लावतो. अंगणाचा मोठा दिवा घरापासून दूर खांबावर नेला आहे.

भिंत, दार आणि मोरी

मारवाडातील जुनी घरे दगडी. भिंतींचे सांधे चुन्याचे किंवा मातीचे, छत दगडी पट्ट्यांचे. पन्नास-साठ वर्षांत सांध्यांतील चुना झडून जातो आणि भिंत म्हणजे विंचवांची चाळ होते. रुपयाचे नाणे ज्या फटीतून सरकते, त्या फटीतून विंचवाचे पिल्लू सरकू शकते, हे माप मी धरले आणि नाणे हातात घेऊनच घरभर फिरलो. एकशे चाळीसहून अधिक जागी खडूने खुणा झाल्या. गवंडी हसत होता, पण चौथ्या दिवशी तोही स्वतःचे नाणे काढून फटी शोधू लागला.

बुजविण्यापूर्वी प्रत्येक भेग रात्री बॅटरीने पाहिली आणि आत कोणी असल्यास ती त्या दिवसापुरती सोडून दिली. जीव आत कोंडून फट लिंपणे म्हणजे त्याला न दिसेल अशा रीतीने मारणेच होय. पाहणीनंतर सांधे चुना-सिमेंटने भरले. खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या नळ्या आणि पाण्याच्या पाइपांभोवतीची जागा सिलिकॉनने बंद केली.

दारांखालची फट ही सर्वांत मोठी वाट. जुन्या जड दारांखाली बोटभर जागा असते. तेथे दगडी उंबरठा थोडा उंच केला आणि दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी बसविली. खिडक्यांना बारीक जाळी लावली. मोरीला बारीक छिद्रांची झाकणी बसविली आणि घर बंद असताना त्यावर घट्ट बूच. छताच्या पाण्याच्या पन्हळींनाही जाळी लावली. विंचू खडबडीत भिंतीवर सहज चढतो, हे विसरू नये.

याच चढण्यात त्याची एक मर्यादाही दडलेली आहे. काच किंवा चकाकी असलेली गुळगुळीत टाइल यांवर त्याचे पाय ठरत नाहीत. म्हणून घराच्या जोत्याला बाहेरून सलग एक फूट उंचीचा टाइलचा पट्टा बसविला. दाराच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंनाही त्याच टाइल लावल्या. टाइलच्या जोडांत खाच राहता कामा नये आणि पट्ट्याला टेकून झाडू, काठी किंवा पोते ठेवता कामा नये. नाहीतर आपणच त्याला शिडी देऊन ठेवल्यासारखे होते.

या सर्व कामांस मजुरीसह मला सुमारे ३१,००० रुपये खर्च आला. एका लग्नाच्या आहेराच्या तयारीत याहून अधिक रक्कम सहज जाते.

घरातील सवयी

भिंती कितीही लिंपल्या तरी सवयी सैल असतील तर उपयोग नाही. काकीसांच्या घरात इतक्या वर्षांत कोणास दंश झालेला नाही, त्याचे कारण त्यांची रोजची शिस्त. ती मी जवळून पाहिली आणि आमच्या घरात नियम म्हणून लिहून लावली.

खाट भिंतीपासून हातभर दूर असावी, चादरीचे टोक जमिनीस लागू नये, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. काकीसा खाटेचे चारही पाय गुळगुळीत वाडग्यांत ठेवतात. पूर्वी त्यांत पाणी घालीत. पण पाण्यात जीव पडून मरतात, म्हणून त्या कोरडी काचेची वाडगी वापरतात. काचेवर विंचवास चढता येत नाही, तेवढे पुरते. जमिनीवर गादी टाकून झोपणे वाळवंटात टाळावे.

जोडे, चपला, कपडे, टॉवेल झटकल्यावाचून वापरू नयेत. मुलांचे जोडे पिशवीत घालून खुंटीवर टांगावेत. गोदड्या, रजया उघड्या चळतीत न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. आमच्या नातवाचा अपघात एवढ्या एका पेटीने टळला असता. अंधारात अनवाणी फिरू नये. कोनाडे, कपाटामागची जागा, उखळाखाली किंवा जात्यामागे हात घालण्यापूर्वी उजेड टाकावा.

परिंडा कोरडा ठेवावा. माठातून झिरपणारे पाणी ओट्याखाली साचले की तेथे किडे आणि किड्यांपाठोपाठ विंचू येतो. टाक्याचे झाकण घट्ट असावे. स्वयंपाकघरात रात्री उष्टे-खरकटे राहू नये, धान्याच्या कोठ्या बंद असाव्यात. झुरळ, रातकिडे यांवर विंचू जगतो. त्यांना खावयास मिळाले नाही तर विंचवासही तेथे काही काम उरत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून चूल आणि ओटा स्वच्छ करणारे घर या बाबतीत आपोआपच पुढे असते, हे काकीसांच्या स्वयंपाकघरात दिसले.

बंद घर उघडण्याचीही एक रीत असावी. पहिल्या दिवशी मुलांना आत सोडू नये. दारे-खिडक्या उघडून, सामान हलवून, झाडलोट करून, त्या रात्री अतिनील बॅटरीने प्रत्येक खोली पाहावी. दुसऱ्या दिवसापासून घर आपले.

न लाभणारे उपाय

गावातील एका दुकानदाराने मला जहाल कीटकनाशक फवारण्याचा सल्ला दिला होता. तत्त्वाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी हा उपाय व्यवहारातही तोट्याचा आहे. विंचवाचे कवच जाड असते, तो चालताना शरीर जमिनीपासून उचललेले असते आणि दिवसाचा बहुतेक काळ तो फवारा पोहोचत नाही अशा खोल जागी असतो. त्यामुळे औषध इतर असंख्य जीवांना मारते, लहान मुलांच्या श्वासात जाते आणि विंचू बहुधा तसाच राहतो. रॉकेल, फिनेल, धुरी, लसूण यांचा वास चार दिवसांत उडतो. त्यांच्या भरवशावर फटी उघड्या ठेवणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा पिंगळा आणि घुबड यांना आवारातील झाडांवर निर्धास्त राहू द्यावे. आपला समतोल निसर्ग सांभाळतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी हे सारे केवळ मारवाडापुरते समजू नये. कोकणात आणि दख्खनमध्ये तांबडा विंचू आहे आणि त्याचे विष जिवावर बेतू शकते. आकाराने भयंकर दिसणारी काळी इंगळी त्या मानाने पुष्कळच सौम्य. सामान्यतः बारीक नांग्यांचे आकडे आणि जाड शेपटी असलेला विंचू अधिक विषारी असतो. परंतु दंश झाल्यावर ही पारख करीत बसू नये. धान्य, कापड, लोखंड किंवा लाकडाचा माल ठेवणाऱ्या आपल्या गोदामांतही तोच नियम: माल भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून फळ्यांवर उंच, रिकामी पोती ढिगाने नकोत आणि हमालांच्या पायांत बूट व हातांत मोजे हवेत. त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आहे.

विंचू सापडलाच तर

काचेचा रुंद पेला विंचवावर अलगद पालथा घालावा. जाड पुठ्ठा पेल्याखाली हळूहळू सरकवावा आणि दोन्ही एकत्र धरून उलटावे. काचेवर त्यास चढता येत नाही, म्हणून तो तळाशीच राहतो. हात लांब ठेवावयाचा असल्यास फूटभर लांबीचा चिमटा वापरावा, पण हलक्या दाबाने. मोठ्यांनीच हे काम करावे.

सोडावे कोठे, याचाही विचार हवा. शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे टाकणे ही दया नव्हे. वस्तीपासून दूर, दगड किंवा झुडुपाच्या आडोशास सोडावे. भर दुपारी तापलेल्या वाळूत सोडला तर तो काही वेळातच मरतो. म्हणून झाकण असलेल्या काचेच्या बरणीत सावलीत ठेवून सूर्य मावळल्यावर सोडावा. झाकणास हवेपुरती बारीक छिद्रे असावीत. पाठीवर पिले असलेली मादी असेल तर बरणी मुळीच हिंदकळू देऊ नये.

दंश झालाच तर

नातवाला दंश झाला तेव्हा जीपचालकाने वाटेत भोप्याकडे झाडा घेण्याचा आग्रह धरला. काकीसाच कडाडल्या, ‘झाडा नंतर, आधी डॉक्टर!’ त्यांचे हे उपकार आम्ही विसरणार नाही. बहुतेक विंचवांच्या दंशाची वेदना काही तासांत आपोआप ओसरते आणि श्रेय झाड्यास मिळते. विष तीव्र असेल तेव्हा मात्र हेच काही तास निर्णायक असतात.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. ती धुवावी, अंगठी किंवा बांगडी असल्यास काढावी, वेदनेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, मुलास धीर देऊन कमीत कमी हालचालीत इस्पितळात न्यावे. विंचू पकडून नेण्यात वेळ घालवू नये. दरदरून घाम, उलट्या, तोंडात लाळ, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. लहान मुलांना धोका सर्वाधिक असतो. आमच्या नातवास अर्ध्या तासातच उलट्या आणि घाम सुरू झाला होता, हातपाय गार पडले होते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी त्वरित प्राझोसिन नावाची गोळी दिली, रक्तदाब वारंवार तपासत राहिले आणि दोन रात्री त्यास देखरेखीखाली ठेवले.

ते औषध आपल्या महाराष्ट्राचे देणे आहे, हे त्याच डॉक्टरांनी मला सांगितले. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात सेवा करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणाऱ्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. मृत्यू हृदयावर पडणाऱ्या ताणाने व फुप्फुसांत पाणी साचल्याने येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग केला आणि १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास दगावत. हे प्रमाण त्यामुळे एक टक्क्याच्या घरात आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. आज विंचवाच्या विषावरील प्रतिविषही उपलब्ध आहे. परंतु कोणते औषध, केव्हा आणि किती, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. घरी स्वतःहून गोळी देऊ नये. गावी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी जवळच्या इस्पितळाचा रस्ता आणि रात्री मिळणारे वाहन यांची खात्री करून घ्यावी.

पूर्वतयारी हीच यतना

काम झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सूनबाई आल्या नाहीत. मी आग्रह केला नाही. मी आणि धर्मपत्नी दोघेच गेलो, रोज रात्री फेरी घातली आणि वहीतील नोंदींची छायाचित्रे त्यांना पाठविली. आवाराच्या कुंपणावर विंचू होते, पट्ट्यापलीकडे होते. घरात एकही नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या मुलांना घेऊन आल्या. घर विकण्याचा विषय भावानेही पुन्हा काढला नाही.

त्या पहाटे माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांचा मी पुष्कळ विचार केला आहे. भयाने थरथरणाऱ्या मुलाशेजारी उभे राहून विंचवावर दया करणे किती जणांना जमेल, हे मला ठाऊक नाही. मला जमले नाही, हे मात्र ठाऊक आहे. पण तो क्षण अकस्मात आलेला नव्हता. न बुजविलेल्या फटी, भिंतीला टेकलेल्या गोवऱ्या आणि उघड्यावरची गोदड्यांची चळत यांनी तो कित्येक वर्षे आधीच घडवून ठेवला होता. अहिंसेचे पालन करावयाची खरी वेळ त्या पहाटेच्या कितीतरी आधी, गवंड्याला बोलावण्याच्या दिवशी होती. यतना या शब्दाचा अर्थ मी आता असाच समजतो.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक विंचू घरात सापडला. बाहेरून आणलेल्या माठाच्या चुंबळीत बसून तो आला असावा. रात्रीच्या फेरीत बॅटरी धरून पुढे चालणाऱ्या थोरल्या नातवालाच तो प्रथम दिसला. तो आता अकरा वर्षांचा आहे. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तो दोन पावले मागे सरकला आणि फळीवरचा पेला व पुठ्ठा आणून त्याने माझ्या हातात दिला. मी विंचू पकडून बरणीत ठेवला आणि बरणी घेऊन दाराकडे वळलो.

‘दादाजी, जरा थांबा,’ तो म्हणाला. ‘मी बूट घालून येतो. मलाही सोडावयास यायचे आहे.’

त्याने खुंटीवरची पिशवी काढली, दोन्ही बूट उलटे करून नीट झटकले, पायांत घातले आणि बॅटरी घेऊन माझ्यापुढे चालू लागला.